खराटा आणि खंजिरी : वऱ्हाडातले पाच दिवस

माझी आजी अंगण झाडताना 'गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला' म्हणायची. सुरात वगैरे नाही, श्वास लागेल तसं. खराट्याचा फटकारा आणि 'गोपाला' एकाच वेळी पडायचे. लहानपणी मला वाटायचं, झाडताना हे म्हणावंच लागतं, नाहीतर कचरा निघत नाही.

लहान असताना तिनं गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं, नाशिकला. ती सांगायची ती गोष्ट कीर्तनापेक्षा त्या दिवशीच्या दुपारची असायची. मैदानात एक माणूस खराटा घेऊन झाडत होता. अंगात चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. आजी आणि तिच्या मैत्रिणी त्याला वेडा समजून हसल्या. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात तोच माणूस कीर्तनाला उभा राहिला. ती लाज आजीला जन्मभर पुरली. कुणालाही हसायच्या आधी ती आम्हाला थांबवायची.

गेल्या वर्षी आजी गेली. सत्त्याण्णव वर्षांची होती. वर्षश्राद्धाच्या वेळी आत्या म्हणाली, "आईला बाबांच्या गावाला जायचं होतं. आपण कुणी नेलं नाही. आता आपण तरी जाऊ." आत्या शहात्तरची, गुडघे दुखणारी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. कोजागिरी झाली की निघायचं आणि आश्विन वद्य पंचमीला मोझरीला पोचायचं, असा बेत तिनंच आखला. त्या तिथीला मोझरीला तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते.

पहिला दिवस : मूर्तिजापूर, दापुरे

रात्रीच्या गाडीनं सकाळी मूर्तिजापूरला उतरलो. मुंबई-नागपूर मार्गावरचं हे जंक्शन. इथून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ असे शकुंतलेचे दोन फाटे निघायचे. अरुंद रुळांची ती गाडी आता बंद आहे. तिचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत, आम्ही मात्र फार थांबलो नाही.

गावात बाबांची गोरक्षण संस्था आहे. आत्यानं दारातच चपला काढल्या आणि गोठ्याकडे वळली. धर्मशाळा आणि सदावर्तं यांच्याबरोबर बाबांना गाईगुरांचीही तितकीच काळजी असायची. त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय हे कलम आहेच. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, आंधळ्या-पांगळ्या रोग्याला औषध, बेकाराला काम, मुक्या जिवाला अभय, गरीब तरुण-तरुणीचं लग्न आणि खचलेल्याला हिंमत. ही दहा कलमं भिंतींवर इतक्यांदा रंगवलेली दिसतात की डोळा पुढे सरकतो. आत्यानं मला उभं करून ती मोठ्यानं वाचायला लावली. "यात पूजा कुठाय सांग," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. खरंच कुठेच नव्हती. यालाच बाबा रोकडा धर्म म्हणायचे. यातलं काहीही उधारीवर ठेवता येत नाही.

दुपारी दापुऱ्याला गेलो. बाबांचं बालपण आणि तरुणपण इथलं. जन्म शेंडगावचा, २३ फेब्रुवारी १८७६ चा. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, परीट घराणं. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले आणि आई सखुबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला भावाकडे आली. डेबूजीनं मामाची गुरं राखली, मग शेती केली, आणि अशी केली की सगळ्या गावानं नाव घ्यावं. पुराच्या पाण्यात सूर मारणारा, भजनात रात्र काढणारा, नांगर धरला की थकायचं माहीत नसणारा गडी.

मग सावकाराचं प्रकरण आलं. मामाला वाचता येत नव्हतं. कागदावर अंगठा पडला आणि जमीन गेली. सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा डेबूजी नांगर सोडायला तयार नव्हता, ही कथा वऱ्हाडात घरोघर सांगतात. पुढे पन्नास वर्षं कीर्तनातून बाबा एकच गोष्ट घासून सांगत राहिले : कर्ज काढू नका, आणि पोराला शाळेत घाला. ताट नसेल तर हातावर भाकर घेऊन खा, बायकोला लुगडं कमी भावाचं घ्या, पण पोराला शिकवा. दापुऱ्याच्या काळ्या रानात उभं राहिल्यावर या उपदेशाचा उगम दिसतो. कपाशी फुटली होती. बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. त्यातल्या एकीनं मान वर न करता विचारलं, "कोठून आले बाप्पा?"

"नाशिकहून. बाबांचं गाव बघायला."

"पाहा न मग," ती म्हणाली आणि बोंडाकडे वळली. "बाबाईनं बी हेच काम केलं."

दुसरा दिवस : ऋणमोचन

एसटीत आत्याचं तिकीट शून्याचं, कारण पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत. माझं अर्धं. वाहकानं शून्याचं तिकीट फाडून हातात दिलं तेव्हा तिनं ते घडी घालून पर्समध्ये जपून ठेवलं. एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीची वाट पाहण्यात दोन तास गेले. त्याबद्दल काही म्हणणं नाही, गावोगावची माणसं रोजच अशी वाट पाहतात.

पूर्णेचं हे खोरं खारपाणपट्टा म्हणून ओळखलं जातं. जमीन काळीभोर, सुपीक, पण विहीर खणली की पाणी खारं. तहानलेल्याला पाणी हे कलम दशसूत्रीत दुसऱ्या क्रमांकावर का आलं असावं, हे मला इथे घोटभर पाणी पिऊन कळलं. ज्या मुलखात पाण्याचा हंडा लांबून आणावा लागतो, त्या मुलखातल्या माणसाला पाणपोई हे देऊळच वाटणार.

ऋणमोचन पूर्णेच्या काठावर आहे. मुद्गलेश्वराचं देऊळ, पौषातल्या रविवारी भरणारी यात्रा. इथे स्नान केलं की ऋणातून सुटका होते अशी श्रद्धा. मामाची जमीन कर्जात गेलेली पाहिलेल्या तरुणानं पहिलं मोठं काम या नावाच्या गावी करावं, याचं मला राहून राहून वाटत होतं. यात्रेकरू नदीतून ओल्या पायांनी वर चढताना चिखलात घसरायचे. म्हातारी माणसं पडायची, बायकांच्या कडेवर लेकरं असायची. डेबूजी कुदळ घेऊन दरडीत पायऱ्या खणायचा. पाण्यानं त्या वाहून जायच्या, तो पुन्हा खणायचा. पुढे १९०८ मध्ये त्यानं लोकांकडून पैसे गोळा करून इथे दगडी घाट बांधला.

घाटावर बसलो. पावसाळ्यानंतरची नदी, गढूळ, वेगात नसलेली. पायऱ्यांचे दगड मधोमध झिजून खोलगट झालेत. एका पायरीवर मी पाय ठेवला तर टाच बरोबर त्या खोलगटात बसली. शंभरावर वर्षांच्या ओल्या पायांनी तो खड्डा केलेला. त्यात थोडं पाणी साचलं होतं आणि एक चिमणी येऊन ते पीत होती. आत्यानं मला हलू दिलं नाही. चिमणी उडेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.

मग आत्या जे बोलली ते मी आजीच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"सगळ्या जगाच्या पायऱ्या बांधल्या. कुंताबाईचं काय?"

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे, सगळे झोपेत असताना, डेबूजी घरातून निघून गेला. वय अठ्ठावीस. मागे म्हातारी आई, बायको कुंताबाई, लेकरं. कुणाला सांगितलं नाही. पुढे बारा वर्षं अनवाणी भटकंती, अंगावर चिंध्या, हातात काठी आणि जेवायला मातीचं गाडगं, त्यावरून पडलेलं नाव. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पण घरच्या माणसांना त्या धर्मशाळांत राहू दिलं नाही. इथे ऋणमोचनला कुंताबाई आणि सखुबाई झोपडीत राहिल्या. लोकांनी दिलेला पैसा लोकांचा, त्यातली एक पै आपल्या घरात जाता कामा नये, हा नेम. आपल्या संस्थांवर घरच्या कुणाचाही हक्क नाही, हे त्यांनी कागदावर लिहून ठेवलं.

मी म्हटलं, "आत्या, तसं केलं नसतं तर पुढच्या पिढीनं धर्मशाळा वाटून घेतल्या असत्या."

"ते मला कळतं गं. नेम बरोबरच. पण नेम त्यांचा, आणि झोपडी हिची."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. एवढंच खरं वाटतं की बाबांची आठवण काढायची तर कुंताबाईंना त्या आठवणीच्या बाहेर ठेवता येणार नाही. त्यांच्या नावानं कुणी भजन करत नाही. पण ज्या नेमामुळे बाबा मोठे झाले, तो नेम चूल पेटवून, उपाशी राहून, तक्रार गिळून पाळला तो त्यांनी. बाबांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही म्हणताना, त्यांच्याबरोबर आणखी कुणाला काही मिळालं नाही तेही बोलायला हवं.

देवळाच्या बाजूला एक म्हातारबाबा खराटा बांधत बसले होते. गेल्या साली तूर काढली, त्या तुराट्यांचा. काड्या एका लांबीच्या निवडायच्या, बुडाकडून आपटून सारख्या करायच्या, पाण्यानं भिजवलेल्या सुतळीचे तीन वेढे द्यायचे. मग मूठ पायाखाली दाबून सुतळी दोन्ही हातांनी खेचायची. खेचताना काड्यांचा कर्र आवाज होतो आणि मूठ एकजीव होते. शेवटी मधोमध एक जाड काडी ठोकायची, पाचर म्हणून. सगळं मिळून दहा मिनिटं.

"हा किती दिवस टिकतो?" मी विचारलं.

"झाडणाऱ्यावर हाये थे," ते म्हणाले. "उभा ठेवला त लय दिवस. कोपऱ्यात आडवा पडून रायला का वायवी लागते."

आत्यानं तो खराटा मागितला आणि देवळासमोरचं अंगण झाडायला लागली. "मायबाई, तुमी कायले झाडता? बसा न," असं म्हणत म्हातारबाबा उठले. आत्या थांबली नाही. वाकता येत नव्हतं म्हणून ती एक पाय पुढे टाकून, अंग तिरकं करून झाडत होती. फटकारा आणि 'गोपाला' एकाच वेळी. तो आजीचा श्वास होता. मी देवळाच्या पायरीवर बसून रडले. रडू दे म्हणून कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

तिसरा दिवस : शेंडगाव आणि वलगाव

शेंडगावला जन्मस्थळी जाऊन आलो. स्मारक आहे, पुतळा आहे, शाळेची मुलं रांगेत येऊन नमस्कार करत होती. पाया पडू दिलं नाही कधी, पडणाऱ्याला काठी दाखवली, अशा माणसाचा पुतळा लोकांच्या गर्दीत फार एकटा दिसतो. मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही, असं ते सांगत राहिले. कीर्तन संपलं की आरतीच्या आधीच नाहीसे व्हायचे. पंढरपूरला वारीत जायचे, पण देवळात न जाता वाळवंट झाडायचे, रस्ते झाडायचे, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालायचे.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या किती तरी आधी बाबांनी तिथे या वारकऱ्यांच्या डोक्यावर छप्पर दिलं. देवळाचं दार उघडेपर्यंत माणसं पावसात का झोपावीत, एवढा साधा हिशोब. पुढे १९४९ मध्ये ती वास्तू त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. आयुष्यात इतकं बांधणारा माणूस इतक्या सहज हातावेगळं करतो, हे वाचताना सोपं वाटतं. आपण जुनी सायकलसुद्धा देताना दोनदा विचार करतो.

लोक त्यांच्या खारेपाटणच्या कीर्तनाची आठवण सांगतात. एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची तार कीर्तन चालू असताना आली. बाबा क्षणभर थांबले, 'ऐसे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी' म्हणाले आणि कीर्तन पुढे चालू ठेवलं. लहानपणी मला ही गोष्ट भव्य वाटायची. काल ऋणमोचनच्या घाटावर बसल्यावर तिच्यातली ती थांबलेली एक घटका जास्त ऐकू येते.

दुपारी वलगावला आलो. अमरावतीपासून दहा-बारा किलोमीटर. गावाजवळ पेढी नदी. २० डिसेंबर १९५६ ला आजारी बाबांना गाडीतून अमरावतीकडे आणताना इथल्या पुलाजवळ त्यांचा प्राण गेला. ना घरात, ना आश्रमात, ना देवळात. रस्त्यावर. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबरचं, म्हणजे चौदा दिवस आधीचं. एकाच डिसेंबरमध्ये दोघे गेले. आजी म्हणायची, त्या महिन्यात त्यांच्या आळीत कुणी रेडिओ मोठा लावला नाही.

पुलावर वाहनांची वर्दळ होती. ट्रकचा धूर, कापसाच्या गाड्या, शाळकरी मुलांच्या सायकली. आत्यानं कठड्याला हात लावला, मग हात कपाळाला लावला. तेवढंच. कठड्यापाशी कुणीतरी चहाचे कागदी कप टाकले होते. ती ते वेचायला वाकली, गुडघ्यानं साथ दिली नाही, म्हणून मी वेचले.

चौथा दिवस : अमरावती

गाडगेनगरमध्ये बाबांची समाधी आहे. सकाळी लवकर गेलो. बाहेर गरजू माणसं जेवणाच्या वेळेची वाट पाहत बसली होती, आत स्वयंपाकाची गडबड. समाधीपुढे फार बोलावंसं वाटलं नाही, स्वयंपाकघरापुढे मात्र आत्या तासभर बसली. वांगी चिरणाऱ्या बायकांत जागा करून घेतली आणि विळी ओढली. मी पोळ्यांच्या चवडी मोजत राहिले. बाबांच्या घरी मुलीचं बारसं होतं तेव्हा रीतीप्रमाणे दारू-मटणाची पंगत व्हायची, ती मोडून डेबूजीनं बुंदीचे लाडू वाढले. जातवाले नाराज झाले. ही गोष्ट आत्यानं तिथल्या बायकांना सांगितली. त्यांना ती आधीपासून ठाऊक होती, तरी त्यांनी ती पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

या शहराच्या विद्यापीठाला बाबांचं नाव आहे. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडला १९५४ मध्ये काढलेल्या कॉलेजलाही त्यांचंच नाव. स्वतः शाळेत न गेलेल्या माणसाचं नाव पदवीच्या कागदावर छापून येतं, याचा त्यांना राग आला असता की आनंद झाला असता, यावर आमचा जेवणाच्या वेळी वाद झाला. आत्याच्या मते नाव खोडायला लावलं असतं आणि पोरांना मात्र राहू दिलं असतं.

दुपारी तपोवनला जाऊन आलो. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी ही वस्ती उभी केली. रोग्याला घरातले शिवू देत नव्हते त्या काळात इथे त्याला औषधाबरोबर काम मिळालं, विणकाम, सुतारकाम. भिक्षेऐवजी मजुरी. डॉक्टरांचा मार्ग कीर्तनाचा नव्हता, पण मला तो गाडगेबाबांच्याच वाटेला येऊन मिळालेला दिसतो. झाडं इतकी वाढलीत की दुपारी दोनला सुद्धा सावली. आम्ही फार वेळ राहिलो नाही. माणसं जिथे राहतात ती जागा म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

पाचवा दिवस : मोझरी

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्यानं पस्तीसेक किलोमीटर. पहाटेच निघालो तरी गाडीत उभं राहायला जागा नव्हती. भगव्या टोप्या, पांढरे सदरे, बायकांच्या डोक्यावर गाठोडी. प्रत्येक जण भेटला की 'जय गुरू' म्हणतो. नाव कुणी विचारत नाही, गाव विचारतात. रस्त्याच्या कडेनं पायी येणाऱ्या पालख्या दिसत होत्या. काही पालख्यांबरोबर गाडीत भांडी, सरपण, लेकरं.

तुकडोजी महाराज म्हणजे माणिक बंडोजी, जन्म यावलीचा, ३० एप्रिल १९०९ चा. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडे लहानपणीच ओढ लागली आणि तुकड्या हे नाव तिथलं. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. हातात खंजिरी घेऊन गावोगाव भजनं केली, हिंदीत आणि मराठीत. १९४२ च्या चळवळीत अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. १९५५ मध्ये जपानच्या धर्मपरिषदेलाही खंजिरी घेऊनच गेले. ग्रामगीता लिहिली ती ४१ अध्यायांची आणि तिचा देव गाव. गावचा रस्ता, गावची विहीर, गावची भांडणं, बाळंतिणीची खोली, सगळं धर्माच्या पोथीत आणून बसवलं. मला त्यांची सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे सामुदायिक प्रार्थना. एकट्यानं देव्हाऱ्यापुढे बसायचं नाही, गावानं एकत्र बसायचं, सगळ्या जातींनी, एका सतरंजीवर. शेजाऱ्याशी अबोला असेल तर त्याच्या शेजारी मांडी घालून बसल्यावर तो किती दिवस टिकणार?

गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांचा जिव्हाळा होता. एक लिहायला-वाचायला न शिकलेला, एक ओव्या लिहिणारा. एकाच्या हातात खराटा, एकाच्या हातात खंजिरी. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ही दोन नावं जोडीनंच येतात.

सकाळचं सामुदायिक ध्यान होऊन गेलं होतं. दुपारपर्यंत आम्ही दासटेकडीच्या बाजूला फिरलो, पंगतीत बसलो, वाढायला उभी असलेल्या कॉलेजच्या मुलींशी बोललो. ऊन तापलं. आत्याला चक्कर आल्यासारखं झालं तेव्हा अनोळखी बाईनं तिला स्वतःच्या मांडीवर डोकं टेकवायला लावलं आणि पदरानं वारा घातला. चंद्रपूरकडच्या एका मंडळातल्या त्या. त्यांच्याबरोबर एक म्हातारे होते, हातात जुनी खंजिरी. कातडं मधोमध बोटांनी काळपट झालेलं, कडेच्या पितळी झांजांपैकी एक नवी, बाकीच्या फिक्या. "बाबाची हाये," ते म्हणाले. बाबा म्हणजे त्यांचे वडील. त्यांनी महाराजांबरोबर भजनाला साथ केली होती असं ते सांगत होते. मी खंजिरी हातात घेऊन पाहिली. नुसती धरली तरी झांजा वाजतात. ती गप्प धरायची कशी, हे त्यांनी मला दाखवलं. कडा छातीशी टेकवायची, अंगठा झांजेवर आणि उरलेली बोटं कातड्यावर सपाट.

११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तुकडोजी महाराज गेले. म्हणून पुण्यतिथीला नेमक्या त्याच मिनिटाला मौन पाळतात. साडेचारपासून माणसं जिथे असतील तिथे बसायला लागली. मैदान भरलं, मैदानाबाहेरची शेतं भरली. भजन चाललं होतं, लेकरं रडत होती, कुणीतरी हरवलेल्या मुलीचं नाव ध्वनिक्षेपकावरून सांगत होतं.

मग सगळं थांबलं.

लाखभर माणसांची शांतता कशी असते हे मला माहीत नव्हतं. ती रिकामी नसते. शेजारच्या बाईचा श्वास ऐकू येत होता, आत्याच्या बांगड्या ऐकू येत होत्या, कुठेतरी लांब बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. महामार्गाकडून येणारा आवाजही थांबला होता. म्हाताऱ्यांनी खंजिरी छातीशी धरली होती, दाखवल्याप्रमाणे, अंगठा झांजेवर. अंगठा थरथरत होता, पण झांज वाजली नाही. मी डोळे मिटायला विसरले, त्या अंगठ्याकडेच पाहत राहिले. मला आजी आठवली, पंढरपूरचं वाळवंट आठवलं, आणि ऋणमोचनची ती झोपडी, जिच्यापुढे कुणी उभं राहून मौन पाळलेलं नाही. मी माझ्यापुरतं ते मौन कुंताबाईंनाही दिलं.

प्रार्थना सुरू झाली तेव्हा म्हाताऱ्यांनी अंगठा उचलला. सर्व धर्मांची नावं घेत ती प्रार्थना चालते, मैदानभर एकाच लयीत. आत्याला शब्द येत नव्हते, ती ओठ हलवत होती.

अंधार पडायला लागल्यावर आम्ही आमची पिशवी उचलली. मी म्हाताऱ्यांना म्हटलं, "बाबा, उद्या गोपालकाल्याला थांबणार ना?"

"नाई बाप्पा. येताना पायी आलो, जाताना रातच्या गाडीनं जातो," ते खंजिरी फडक्यात गुंडाळत म्हणाले. "सोयाबीन कापून पडलं हाये वावरात. पाऊस आला त सगळंच जाईन. सकाळी गंजी लावा लागते."